सोनेरी खोकी, माझी सही

दातांची कवळी ओल्या कचऱ्यात जाते की सुक्या, या प्रश्नाचं ठाम उत्तर मला आजही देता येत नाही. आणि हे सांगणारा माणूस कोणी वाटसरू नाही. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात खुर्ची झिजेपर्यंत बसून त्याने आयुष्यभर फक्त कचऱ्याचंच काम केलंय. कचरा वेगळा कसा करावा याचे तक्ते मी काढले, पुस्तिका मी लिहिल्या आणि हिरव्या डब्याशेजारी हसणारं केळ्याचं साल असलेलं ते पोस्टरही माझंच. सालाला हसू द्यावं की नाही यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या होत्या. या सगळ्या काळात माझ्या हाताला कचरा एकदाही लागला नाही, हे मी तेव्हा अभिमानाने सांगत असे.

घरी, दिल्लीतल्या मयूर विहारला, माझी कीर्ती निराळी होती. बायको चहाची पिशवी चिमटीत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची.

"अहो, ही कुठे टाकू?"

"ओल्यात."

"हिला दोरा आहे."

"मग दोरा सुक्यात."

"दोऱ्याला पिन आहे. पिनेला कागद आहे. कागद ओला आहे."

मी विचारात पडायचो.

"अहो, सांगा की पटकन. नाहीतर मी गिळून टाकते."

निवृत्तीनंतर वर्षभराने आमच्या मुग्धाचा फोन आला. मुग्धा गुरुग्रामला एका मोठ्या सोसायटीत राहते. दिल्लीत वाढलेली, तिचं मराठी चांगलं आहे, फक्त अर्ध्या वाटेत त्याला दम लागतो.

"बाबा, आमच्या सोसायटीला ना एक वेस्टवाला माणूस पाहिजे."

"कचरेवाला?"

"नाही यार बाबा, तसा नाही. कन्सल्टंट टाइप. आठवड्यातून तीन दिवस. मी सेक्रेटरीला सांगून ठेवलंय की माझे बाबा या फील्डमध्ये एकदम टॉपला होते."

टॉपला म्हणजे मी चौथ्या मजल्यावर बसायचो, एवढंच खरं होतं. पण निवृत्त माणसाला कोणी कन्सल्टंट म्हटलं की त्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मेट्रोने, मध्ये गाडी बदलून, गुरुग्रामला जाऊ लागलो.

सोसायटीच्या मागच्या गेटजवळ, जनरेटर आणि सांडपाण्याच्या टाकीच्या मधल्या जागेत पत्र्याची एक शेड होती. सगळ्या टॉवरांचा सुका म्हणून दिलेला कचरा तिथे यायचा आणि सात बायका तो निवडायच्या. त्यांची मुखिया फूलवती. पन्नाशीची, बारीक, डोक्यावरून पदर, आणि नजर अशी की समोरच्या माणसातून विकण्यासारखं काय निघेल हे ती मोजतेय असं वाटावं. हे टॉवर उभे राहत होते तेव्हा ती इथे विटा वाहत होती. टॉवरांत माणसं राहायला आली तशी ती त्यांचा कचरा निवडू लागली. थोडक्यात, सोसायटीत तिच्याइतकं जुनं कोणीच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मला जे कळलं ते एवढ्या नोकरीत कळलं नव्हतं. शेडमध्ये ओला-सुका असं कोणी बोलत नाही. तिथे दोनच जाती: माल आणि कचरा. जे घ्यायला कोणीतरी तयार आहे तो माल, जे कोणीच घेत नाही तो कचरा. पाण्याची रिकामी बाटली माल. तिच्यात कोणी सिगारेट विझवली की अर्धाच माल. पुठ्ठा माल, त्यावर डाळ सांडली की कचरा. चिप्सची चकचकीत पिशवी तर जन्मजात कचरा, कारण तिच्यात प्लास्टिकचे आणि धातूचे पापुद्रे असे चिकटवलेले असतात की ते सोडवत बसणं कोणाला परवडत नाही. शिवाय ती इतकी हलकी की गाडीभर नेली तरी वजनाला हवाच भरते. आणि या जातीही कायमच्या नाहीत. आजचा माल घेणारा फिरला की उद्या कचरा. आता हे तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहिणार?

मी मात्र आल्या आल्या माझं पोस्टर शेडच्या पत्र्यावर चिकटवलं होतं. फूलवती बराच वेळ ते बघत उभी राहिली.

"साब, इसमें दूध की थैली कहाँ है?"

दुधाची पिशवी पोस्टरमध्ये नव्हती.

"और शैम्पू का पाउच?"

तेही नव्हतं. पोस्टरमध्ये केळं होतं, वर्तमानपत्र होतं, बाटली होती.

"ये तो हमको पता है," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. असल्या माणसाला सांभाळून घ्यावं लागेल, अशी.

ते कवळीचं प्रकरण याच सुमारास घडलं. एका टॉवरमधल्या आजोबांनी जेवताना कवळी काढून पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि मोलकरणीने ती ताटाबरोबर साफ केली. दुपारी त्यांची सून धापा टाकत शेडवर आली. कचऱ्याचा ढीग छातीएवढा होता. मी वही काढून पंचनामा सुरू केला: किती वाजता, कुठल्या रंगाची पिशवी. फूलवतीने फक्त मजला विचारला. मग ढिगाभोवती एक फेरी मारून तिने चार पिशव्या बाजूला ओढल्या. रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि साखरविरहित बिस्किटांचं वेष्टण ज्या पिशवीत होतं, तिच्यात तिने हात घातला आणि कवळी वर काढली. कोणाच्या घरात काय खातात, काय पितात, कोण आजारी आहे, हे तिला वॉचमनपेक्षा जास्त माहीत होतं आणि ती ते कधीही बोलत नसे.

मी नोंद पूर्ण करायला पेन सरसावलं. "ये गीले में था कि सूखे में?"

"साब," ती म्हणाली, "ये मुँह में था."

आता माझ्या मुख्य पराक्रमाकडे येतो. सरकारी माणसाच्या हाती काहीही द्या, तो त्याची फाइल करतो. शेडमध्ये पुठ्ठ्याचे दाबून बांधलेले गठ्ठे पेपर मिलला जात असत. मी प्रत्येक गठ्ठ्याला एक चिठ्ठी लावायची पद्धत सुरू केली. चिठ्ठीवर दोन ओळी: छँटाई, म्हणजे निवडणी, कोणाची आणि जाँच, म्हणजे तपासणी, कोणाची. पहिल्या ओळीत मी फूलवतीचं नाव लिहायचो, कारण तिला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्या ओळीत माझी सही, लफ्फेदार.

"ये मेरा नाम है?" तिने एकदा विचारलं.

"हाँ."

"क्यों?"

"ज़िम्मेदारी," मी म्हणालो.

"अच्छा," ती म्हणाली, आणि चिठ्ठी सरळ चिकटली आहे का ते बघून गेली.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. आमच्या कार्यालयात टिपण खालच्या माणसाने मांडायचं आणि वरच्याने सही करायची. काही बिघडलं की शोध नेहमी खालून सुरू होतो, हे मला पाठ होतं. चिठ्ठी छापताना ते माझ्या मनात होतं का? नव्हतं, असं मला वाटतं. पण हात आयुष्यभर जे करत आला तेच त्याने केलं, आणि हाताला मनाची परवानगी लागत नाही.

मग दिवाळी आली. आपण फराळाची ताटं पाठवतो. गुरुग्राममध्ये खोकी पाठवतात. सुकामेव्याची, चॉकलेटची, मेणबत्त्यांची. आतली वस्तू मुठीएवढी आणि खोकं सूटकेसएवढं. वर सोनेरी मुलामा, आत मखमल, झाकणाला चुंबक, तळाला प्लास्टिकचा खळग्या-खळग्यांचा ट्रे. त्यातली निम्मी खोकी न उघडताच या घरातून त्या घरात जातात, आणि भाऊबीज झाली की सगळी एकदम शेडवर येऊन आदळतात.

मला ती खोकी दिसली आणि दिसला पुठ्ठा. जाड, करकरीत, उत्तम पुठ्ठा! मी लगेच प्रत्येक लिफ्टमध्ये सूचना लावली: दिवाळीची खोकी फेकू नका, त्यांचं रीसायकलिंग होणार. सोसायटीचे सेक्रेटरी खुराना भलतेच खूश झाले. हे चाळिशीतले गृहस्थ, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि मला 'अंकलजी' अशा सुरात म्हणायचे की पुढे वाद घालायची सोयच उरू नये. त्यांनी सूचना सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर टाकली. लोकांना इतका हुरूप आला की त्यांनी माळ्यावरची गेल्या दोन-तीन दिवाळ्यांचीही खोकी खाली पाठवली. घर रिकामं होतंय आणि पुण्यही लागतंय, कोण सोडेल?

फूलवतीने एक खोकं उचललं, कोपरा फाडला आणि माझ्यापुढे धरला. पुठ्ठा फाटला होता, पण वरची सोनेरी कातडी फाटली नव्हती. ती च्युइंगमसारखी ताणली गेली होती.

"साब, ये माल नहीं है."

"गत्ता है."

"अंदर गत्ता है. ऊपर पन्नी है, बीच में गोंद है. मिल नहीं लेगी."

मी तक्ता काढला आणि बोट ठेवून दाखवलं: पुठ्ठ्याची खोकी, सुका कचरा, पुनर्वापरयोग्य. तक्ता माझाच होता. म्हणजे मी स्वतःच्याच म्हणण्याला पुरावा म्हणून स्वतःलाच उभं केलं होतं. ती म्हणाली की सोलून दिलं तर मिल घेईल, पण एका खोक्याला बराच वेळ लागेल, आणि तेवढ्यात दुसरा किती माल निवडून होतो. मी म्हणालो, सोलायची गरज नाही. बायकांनी चार दिवस खपून गठ्ठे बांधले. नेहमीचा चांगला पुठ्ठाही त्यातच गेला. मी प्रत्येक गठ्ठ्यावर सही केली, ट्रकचा फोटो ग्रुपवर टाकला, आणि टाळ्यांच्या चिन्हांचा नुसता पाऊस पडला.

त्याच दिवशी दुपारी ट्रक परत आला. भरलेला.

का परत आला ते सांगतो. मिलमध्ये पुठ्ठा पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात. साधा पुठ्ठा विरघळतो. ही सोनेरी कातडी विरघळत नाही. तिच्या चिंध्या लगद्यात तरंगतात आणि चाळणीत अडकतात. मखमलीचे धागे त्यात गुंततात, चुंबक यंत्राला जाऊन चिकटतात. मिलच्या माणसाने वरचे दोन गठ्ठे फोडले आणि सगळा ट्रक फिरवला. चांगला पुठ्ठा वेगळा काढत बसायला त्याला वेळ नव्हता. वाईटाबरोबर चांगलंही परत. आपल्याकडे कचऱ्याचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा इथेच. माणसं टाकायला तयार असतात, गिरणी घ्यायला तयार असते, मधे सोडवायला मात्र कोणी नसतं. आणि जी सोडवू शकते, तिला आपण चिठ्ठीवरची पहिली ओळ करून ठेवतो.

गठ्ठे मागच्या गेटशी उतरवले, ते नेमके आगीच्या बंबाच्या वाटेवर. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फोटो फिरू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराना स्वतः आले. त्यांनी एका गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचली.

"छँटाई, फूलवती. ओके. तो प्रॉब्लम इधर है." मग माझ्याकडे वळून, "है ना, अंकलजी?"

फूलवती हातात खोकं घेऊन तिथेच उभी होती. माझ्या तोंडून दोनच शब्द आले.

"देखते हैं."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली बसून पुन्हा निवडायला लागली.

खुरानांनी तोडगा आधीच शोधला होता. एक एजन्सी झाकलेली गाडी घेऊन येणार, ओला-सुका सगळा कचरा उचलणार; शेड बंद, बायका घरी. हे काम काय, कोणीही करेल, असं त्यांचं म्हणणं. रविवारी सभेत मंजुरी. मी विचारलं, ती गाडी कचरा नेते कुठे?

"वो उनका हेडेक है, अंकलजी."

त्या दुपारी मुग्धाकडे जेवायला गेलो. तिने पोळी वाढता वाढता विषय काढला.

"बाबा, ग्रुपवर सगळे बोलतायत की त्या फूलवतीने गडबड केली."

"तिने नाही. मी केली. ती नको म्हणत होती."

मुग्धाचा हात थांबला. "मग तुम्ही ग्रुपवर तसं लिहिलं का नाही?"

"ड्राफ्ट करतोय."

"ड्राफ्ट! बाबा, तुम्ही मला लहानपणी काय सांगायचात? चूक झाली की लगेच सांगायचं, आणि आता ड्राफ्ट?"

पोळी अर्धीच ठेवून उठलो. शेडवर परत गेलो. फूलवती एका खोक्याची कातडी नखाने सोलायचा प्रयत्न करत होती. मी शेजारच्या पालथ्या क्रेटवर बसलो, एक खोकं घेतलं आणि सोलायला लागलो. माझं खोकं फाटलं, कातडी तशीच राहिली.

"फूलवती, मुझसे गलती हुई. माफ़ करो."

"माफ़ी का क्या करूँ, साब?" वर न बघता ती म्हणाली. "ये माल है क्या?"

थोड्या वेळाने तिनेच सांगितलं. आसपासच्या प्रत्येक सोसायटीच्या मागच्या गेटवर अशाच बायका आहेत, आपापल्या. कोणी दुसऱ्या गेटवरची बाई आत घेत नाही. इथून निघालं तर या सातजणींना जागा नाही. "यहाँ से गए तो बस गए," ती म्हणाली आणि हातातलं खोकं बाजूला ठेवलं.

रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये सभा भरली. मी दोन पानी टिपण लिहून नेलं होतं. उभा राहिलो आणि चष्मा मुग्धाच्या घरी राहिल्याचं लक्षात आलं. त्यामुळे जे झालं ते असं झालं की मी सरळ बोलून गेलो. म्हणालो, चूक माझी. फूलवतीने फाडून दाखवलं होतं, मी ऐकलं नाही.

"तो चार्ट किसने बनाया था?" मागून एकाने विचारलं.

"मैंने."

"और चेक किसने किया?"

"वो भी मैंने."

"तो अंकलजी, वो क्या करती थी?"

"वो मना कर रही थी."

हशा पिकला. त्या हशात मला धीर आला आणि मी जे कळलं होतं ते बोललो. या बायकांना कमाई फक्त विकल्या गेलेल्या मालावर मिळते. मग जे सोलायला वेळ लागतो ते कोण सोलणार? त्यांना ठरलेला पगार द्या. घरून सुकं द्यायचं तर ते खरोखर सुकं द्या, दह्याचा डबा धुऊन द्या. आणि शेडच्या दारात फूलवतीला नाही म्हणायचा हक्क द्या. ती नको म्हणाली की वस्तू परत न्यायची.

पहिल्या रांगेतल्या एक बाई ताडकन उभ्या राहिल्या. "मेरा दिवाली का डिब्बा वो मुझे वापस कर देगी?"

"जी."

"मैं डिब्बे का क्या करूँगी?"

हा प्रश्न मी तीस वर्षं तक्त्याबाहेर ठेवला होता. आता तो सभेत उभा राहिला. त्या खोक्याचं त्यांनी काय करायचं? आमच्या घरी काय करतात? मी म्हणालो, "शायद... लेना ही नहीं चाहिए था." बाई म्हणाल्या, "समधियों को मना करूँ?" व्याह्यांनी पाठवलेलं खोकं कोण परत करू शकतं? मी खाली बसलो.

बराच गलका झाल्यावर खुरानांनी घड्याळ बघून निकाल दिला. एक ट्रक आणखी. मिलने घेतला तर शेड राहील. नाही घेतला तर दुसऱ्या दिवसापासून एजन्सी.

पुढचा आठवडा आम्ही सोलत होतो. सात बायका, मी, आणि एक दिवस मुग्धाही. "बाबा, हे निघतच नाही यार!" असं म्हणत तिने अर्ध्या तासात दोन नखं मोडली. फूलवतीने युक्ती काढली. खोकं उन्हात तापवायचं, गोंद मऊ झाला की कोपऱ्यातून ओढायचं. गुरुग्रामच्या त्या कोवळ्या थंडीत ऊन शोधत आम्ही खोकी घेऊन शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकत होतो. पुठ्ठ्याचा ढीग एवढासा झाला आणि सोनेरी सालींचा ढीग त्याहून उंच. त्या सालींचं पुढे काय झालं ते मला विचारू नका. मीही विचारलं नाही. एक प्रश्न सोडवताना दुसरा मागच्या दाराने निघून जातो, हे दिसत असूनही मी त्या दाराकडे पाठ करून बसलो.

ट्रक निघाला तेव्हा या वेळी मी आणि फूलवती दोघेही पुढे बसलो. मिलच्या गेटवर तपासणीला नेगीजी होते. जाड स्वेटर, तोंडात लवंग. त्यांनी एक गठ्ठा फोडला, हात कोपरापर्यंत आत घातला, मधला तुकडा काढून फाडला, वास घेतला. दुसरा. तिसरा. फूलवती ओठ घट्ट मिटून बघत होती. मी मनातल्या मनात मारुतीस्तोत्र म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडलो.

"ठीक है. उतारो," नेगीजी म्हणाले.

गठ्ठे उतरू लागले. शेवटच्याच्या आधीचा एक गठ्ठा त्यांनी हाताने थोपटला आणि मान हलवली. "ये वापस."

मी खाली उडी मारली. गठ्ठा कोरडा होता, स्वच्छ होता, इतरांसारखाच होता. "इसमें क्या खराबी है?"

नेगीजींनी खांदे उडवले. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात फूलवतीने माझी बाही ओढली. "चुप रहो, साब. बाकी ले लिया ना."

"पर क्यों? उसमें और इसमें फ़र्क क्या है?"

"मुझे नहीं पता," ती म्हणाली. "उसको भी नहीं पता."

कचऱ्याच्या बाबतीत फूलवतीचं आणि माझं पहिल्यांदाच एकमत झालं: कारण कोणालाच माहीत नव्हतं.

आता पेच असा पडला की ट्रक घेतला म्हणायचं की नाही? सभेचा निकाल होता: मिलने ट्रक घेतला तर. एक गठ्ठा तर परत आला. मागच्या गेटवर खुराना वाटच बघत होते.

"तो पास हुआ कि फेल, अंकलजी?"

मी नियमाचा अर्थ लावायला लागलो. अंशतः स्वीकृती वगैरे. फूलवतीने मला बाजूला सारलं, तो परत आलेला गठ्ठा खुरानांच्या पायाशी आणला, दोरी सोडली आणि एक पुठ्ठा त्यांच्या हातात दिला.

"आप बताओ, साब. इसमें क्या खराबी है?"

खुरानांनी पुठ्ठा उलटसुलट केला. फाडला. मग दुसरा मागितला. तोही फाडला, उजेडात धरला, नखाने खरवडला, वास घेतला. कोट सांभाळत ते क्रेटवर बसले. ऑफिसचे फोन वाजत राहिले. सातही बायका भोवती उभ्या राहून बघत होत्या आणि कोणी हसत नव्हतं. पुठ्ठ्यांचा एक लहानसा ढीग फाडून झाल्यावर त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर मी चांगला ओळखत होतो तो भाव होता. चहाच्या पिशवीपुढे माझा असायचा, तोच.

"समझ में नहीं आ रहा," ते म्हणाले.

"वही तो," फूलवती म्हणाली. "और आप बोलते हो, ये काम कोई भी कर लेगा."

ते उठले, हात झटकले, "आय विल गेट बॅक," असं कोणालाच उद्देशून नाही अशा तऱ्हेने म्हणाले आणि गाडीत बसून गेले.

पुढच्या सभेचं इतिवृत्त मी मुग्धाकडून मुद्दाम मागवून वाचलं. पोहण्याच्या तलावाबद्दल बरंच आहे, शेडबद्दल एक अक्षर नाही. ठेवली असं नाही, काढली असंही नाही. ठरलेला पगार? तोही विषय नाही. सोमवारी सकाळी फूलवती आणि तिच्या बायका नेहमीच्या वेळेला मागच्या गेटवर आल्या. गार्डने गेट उघडलं, कारण उघडू नको असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एजन्सीची गाडी आली नाही, कारण ये असं तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. मी सरकारात जन्म काढलाय; न घेतलेल्या निर्णयाइतका टिकाऊ निर्णय दुसरा नसतो. एक बदल मात्र झाला, तोही कोणी न ठरवता. फूलवती दारातच खोकं फाडून बघते आणि नको असेल तर परत देते. पहिल्या दिवसांत लोकांनी आरडाओरडा केला. आता काहीजण घरीच फाडून बघतात.

कन्सल्टंट म्हणून मला पुन्हा कोणी बोलावलं नाही. मी दर मंगळवारी आपला आपणच जातो. निवडायला फूलवती मला हात लावू देत नाही. तिने मला एक काम नेमून दिलंय: लोक पिशव्यांना ज्या गाठी मारतात, त्या सोडायच्या. पहिल्या दिवशी मी कात्री नेली होती, ती तिने काढून घेतली. पिशवी कापली की कचरा, सोडली की माल.

परवा एका पिशवीशी मी बराच वेळ झटत होतो. दुहेरी गाठ, वर आणखी एक गाठ. फूलवती आली, माझ्या हातातून पिशवी घेतली, एकदा दाबून बघितली आणि न सोडताच कचऱ्याच्या ढिगावर फेकली.

"खोली क्यों नहीं?"

"डायपर है."

"बिना खोले कैसे पता चला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. काय सांगावं, कुठून सुरुवात करावी, याचा ती खरोखर विचार करत होती, असं मला वाटलं. मग तिने तो नाद सोडला.

"आप गाँठ खोलो, साब."

मी पुढची पिशवी ओढली.